३क्ष + ५क्ष² म्हणजे ८क्ष³ का नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी आठवीत आहे, ती ३क्ष + ५क्ष² = ८क्ष³ असं लिहिते. 'सरूप पदांचीच बेरीज होते' हे वाक्य तिला पाठ आहे (सरूप म्हणजे अक्षरं आणि त्यांचे घातांक तेच असलेली पदं), पण का, ते तिलाही सांगता येत नाही आणि तुम्हालाही. शिवाय बहुपदी नक्की कशाला म्हणायचं, हेही तुम्ही विचारलंय. तुम्ही सोलापूरच्याच, आणि मीही इथेच पूर्व भागात शिकवणी घेतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी यंत्रमाग आहेत, म्हणून उदाहरणही चादरींचंच देतो.

आधी तिचं उत्तर पाहू. ३ आणि ५ ची बेरीज तिने केली, पण घातांक मात्र गुणाकाराच्या नियमाने मिळवले. ३क्ष × ५क्ष² = १५क्ष³ हे बरोबर आहे, गुणाकारात घातांकांची बेरीज होते. बेरजेत घातांकाला हात लावायचाच नसतो. दोन नियमांची सरमिसळ झाली की ८क्ष³ तयार होतं. हे तिला रागावून सांगू नका, तिलाच पडताळा घेऊ द्या. क्ष = २ धरा. डावीकडे ६ + २० = २६. उजवीकडे ८ × ८ = ६४. झालं, उत्तर चूक आहे हे तिचं तिलाच कळलं.

पडताळ्यासाठी १ किंवा ० मात्र कधीच घेऊ नका. क्ष = १ धरलं तर ३क्ष + ५क्ष² चं उत्तर ८, ८क्ष³ चंही ८ आणि ८क्ष² चंही ८. चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं, कारण १ चा कोणताही घात १ च असतो.

आता का ते. मुलांना बहुतेक वेळा असं शिकवलेलं असतं की क्ष म्हणजे चादर आणि य म्हणजे टॉवेल. तीन चादरी आणि चार टॉवेल यांची बेरीज होत नाही, म्हणून ३क्ष + ४य तसंच ठेवायचं. पहिल्या दोन गणितांना हे चालतं, पुढे मात्र घात करतं. क्ष म्हणजे चादर असेल तर क्ष² म्हणजे काय? चादर गुणिले चादर? याला उत्तर नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगतो : अक्षर म्हणजे वस्तू नाही, अक्षर म्हणजे संख्या. चादर नव्हे, चादरीचा भाव.

समजा नवी पेठेतल्या एका दुकानात एका चादरीचा भाव क्ष रुपये आणि एका टॉवेलचा य रुपये. सकाळी एका गिऱ्हाइकाने ३ चादरी, ४ टॉवेल घेतले. संध्याकाळी दुसऱ्याने ५ चादरी, २ टॉवेल. दिवसाची विक्री ३क्ष + ४य + ५क्ष + २य, म्हणजे ८क्ष + ६य. उद्या सुताचा दर वाढला आणि भाव बदलले तरी या मांडणीला धक्का लागत नाही, क्ष आणि य च्या जागी नवे आकडे घालायचे. ३क्ष आणि ५क्ष एकत्र आले कारण दोन्हीकडे एकाच संख्येने गुणलंय, आणि ती संख्या बाहेर काढता येते : ३क्ष + ५क्ष = (३ + ५)क्ष. हा वितरणाचा नियम ती लहानपणापासून वापरतेय. ३ × ७ + ५ × ७ = ८ × ७, यात नवीन काही नाही. सरूप पदांचा सगळा नियम एवढ्यावरच उभा आहे.

हीच युक्ती ३क्ष + ५क्ष² वर करून पाहा. क्ष बाहेर काढला की क्ष(३ + ५क्ष) उरतं. कंसात क्ष अजून आहेच. क्ष = १ असेल तर कंसाची किंमत ८, २ असेल तर १३, १० असेल तर ५३. सहगुणक, म्हणजे अक्षराला गुणणारी संख्या, ठरलेली हवी, आणि इथे ती दर वेळी बदलतेय. म्हणून ही दोन पदं एका पदात मावत नाहीत. त्यांची बेरीज होत नाही असं म्हणणंही खरं तर चुकीचं आहे. बेरीज होते, ती ३क्ष + ५क्ष² हीच आहे, फक्त त्याहून आखूड लिहिता येत नाही. हे एक वाक्य नीट समजलं तर निम्मा गोंधळ संपतो. मुलांना वाटतं की उत्तर म्हणजे एकच पद, मधे अधिकचं चिन्ह राहिलं म्हणजे गणित अर्धवट सोडलं. तसं नसतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते यानंतरचं. क्ष = १० धरा. ३क्ष² + ४क्ष + ५ म्हणजे ३४५ आणि २क्ष² + क्ष + ३ म्हणजे २१३. तिसरीतल्यासारखी उभी बेरीज करा : ५५८. आता बहुपदींची बेरीज करा : ५क्ष² + ५क्ष + ८. तेच आकडे. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक का लिहायचं, हे ज्या मुलीला माहीत आहे तिला सरूप पदं आधीपासूनच माहीत आहेत. फरक एवढाच की बीजगणितात हातचा नसतो, कारण क्ष दहाच असेल असं नाही.

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या बीजगणितात तो स्पष्ट दिलाय : एका जातीच्या पदांची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीची वेगळी ठेवावीत. अज्ञात संख्यांना ते यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देत आणि मांडताना या, का, नी, पी एवढंच लिहीत. पहिलं सोडलं तर बाकीची रंगांची नावं आहेत. मुलांना हे सांगितलं की वही पुढे ओढून 'या ३ का २' असं लिहून बघतात, आणि अक्षर कोणतंही चालतं हे आपोआप कळतं.

बहुपदीबद्दल फार नाही सांगायचं. बैजिक राशीतल्या, म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून केलेल्या मांडणीतल्या, प्रत्येक पदात चलाचा (म्हणजे क्षसारख्या अक्षराचा) घातांक ०, १, २, ३ अशी पूर्ण संख्या असेल तर ती बहुपदी. चल छेदात आलं किंवा वर्गमूळाच्या आत गेलं तर नाही, म्हणून क्ष + १/क्ष बहुपदी नाही. पण √२ क्ष + ५ आहे, कारण मुळाच्या आत २ आहे, क्ष नाही. परीक्षेत इथेच फसवतात. नुसता ७ ही सुद्धा बहुपदी, तिची कोटी ०. सगळ्यात मोठा घातांक ती कोटी. दोन चलं असतील तर प्रत्येक पदातल्या घातांकांची बेरीज करून सगळ्यात मोठी घ्यायची.

वजाबाकीवर मात्र वेळ द्या, कारण सरूप पदं कळलेली मुलंही तिथे मार्क घालवतात. (५क्ष² + क्ष − २) − (२क्ष² − ३क्ष + ४) यात दुसऱ्या कंसातल्या तिन्ही पदांची चिन्हं बदलतात, फक्त पहिल्याचं नाही. कंस सोडून एक ओळ पूर्ण लिहायला लावा : ५क्ष² + क्ष − २ − २क्ष² + ३क्ष − ४. मग पदाच्या आधीचं चिन्ह पदाबरोबरच उचलायचं आणि एकट्या क्षचा सहगुणक १ धरायचा. उत्तर ३क्ष² + ४क्ष − ६. क्ष = २ घालून बघा, दोन्हीकडे १४ येतात.

आज रात्री तिला एक गणित द्या : ४क्ष²य − ३यक्ष² + २क्षय². पहिली दोन पदं सरूप आहेत, अक्षरांचा क्रम उलटा असला तरी, कारण गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. तिसरं सरूप नाही, तिथे वर्ग य चा आहे. उत्तर क्ष²य + २क्षय². क्ष = २, य = ३ घेऊन पडताळा तिलाच करू द्या, दोन्हीकडे ४८ यायला हवेत. अडलं तर तिने लिहिलेल्या ओळी तशाच इथे टाका, मी बघतो.