दुसरं जर्नल

ताई,
मी १९ वर्षांची आहे. नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या प्रयत्नात ७२० पैकी ४२८ आले : बायोलॉजी २९०, केमिस्ट्री ८६, फिजिक्स ५२. फिजिक्समध्ये १७ बरोबर, १६ चूक, १२ सोडले. सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागण्याइतके मार्क नव्हते, म्हणून बी.फार्मला, म्हणजे फार्मसीच्या पदवीला, प्रवेश घेतला. घरच्यांचं म्हणणं, कॉलेज करता करता एक शेवटचा प्रयत्न कर. पण बी.फार्म इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. सकाळी साडेनऊ ते पाच कॉलेज, रोज प्रॅक्टिकल, शिवाय सेशनल परीक्षा, असाइनमेंट, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. हजेरीत जराही सवलत नाही. सर-मॅडमना वाटतं, आम्हाला दुसरं कामच नाही. पहाटे चारला उठते आणि अंथरुणातच मोबाइलच्या उजेडात बायोलॉजीची रिव्हिजन करते, कारण लाइट लावला तर रूममेट विचारेल. मी पुन्हा नीट देतेय हे कॉलेजात कुणालाच माहीत नाही. गेल्या वर्षी निकालानंतर जो तो विचारत होता, तो प्रकार पुन्हा नको. संध्याकाळी क्लासची ऑनलाइन लेक्चर्स, रात्री साडेनऊ ते साडेअकरा प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिणं (माझं आणि रूममेटचं), मग झोप. रविवार कपडे आणि राहिलेल्या असाइनमेंटमध्ये जातो, मॉक टेस्ट होतच नाहीत. फिजिक्सला हात लावायला वेळच मिळत नाही. कॉलेज सोडून पूर्ण वेळ नीट करू, की नीटचा नाद सोडू? दोन्ही करायचं असेल तर कृपा करून मला वेळापत्रक आखून द्या.
– बी.फार्म. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

---

अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या कंसापाशी थांबले आणि तिथून पुढे सरकायला मला वेळ लागला. कॉलेजच्या वेळेबद्दल तू सविस्तर लिहिलंस, सर-मॅडमबद्दल लिहिलंस, हजेरीबद्दल लिहिलंस. आणि रोज रात्री रूममेटचं जर्नल तू लिहून देतेस, ही गोष्ट कंसात टाकून पुढे निघालीस. जणू दात घासण्यासारखं तेही रोजचंच काम.

दोन तासांत दोन जर्नलं, म्हणजे एक तास तिचा. आठवड्यातले सहा दिवस धरले तर सहा तास. नीटचा पेपर तीन तासांचा असतो, म्हणजे आठवड्याला दोन पूर्ण मॉक टेस्टचा वेळ तू तिच्या वहीत घालते आहेस. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांचा हिशेब केलास तर आकडा शंभर तासांवर जातो. वेळ नाही, असं तू मला सांगतेस. तो आहे, पण दुसऱ्याच्या नावावर जमा होतोय.

वेळेपेक्षाही मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्या सेमिस्टरला तुम्हाला ह्युमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी असतं. त्यात क्लॉटिंग टाइमचं प्रॅक्टिकल असतं. बोटाला टोचायचं, रक्त कॅपिलरी ट्यूबमध्ये घ्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने ट्यूबचा एकेक तुकडा मोडत दोन टोकांमध्ये रक्ताचा बारीक धागा ताणला जातो का ते पाहायचं. धागा दिसला ती वेळ लिहायची. तुझी वेळ तू मोजलीस. तिच्या वहीत कोणती लिहिलीस? तिने टेबलावर पाहिलेली तिला आठवत नसेल, तर तू अंदाजाने काहीतरी नॉर्मलच्या आत बसणारं लिहून मोकळी झाली असणार. ब्लीडिंग टाइम, हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, सगळ्यांचं तसंच. तुला डॉक्टर व्हायचंय. न मोजलेलं रीडिंग कागदावर लिहायची सवय हाताला आतापासून लावू नकोस. पुढे पेशंटच्या केसपेपरवर तोच हात चालणार आहे. हे मी रागाने लिहितेय, आणि तो राग तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही.

तिच्यावर का नाही, हे तुला कदाचित टोचेल. तिने मागितलं, तू दिलंस. मागणाऱ्याला 'नाही' ऐकू आलंच नाही तर त्याने थांबायचं कुठे? ती चांगली मुलगी असेल. तापात तुला मेसमधून डबा आणून देणारीही असेल. डब्याची परतफेड डब्याने कर, आजारपणात जाग, तिला विषय समजत नसेल तर समजावून दे. चार महिने तिच्या नावाने लिहीत बसणं ही परतफेड होत नाही, आणि त्यात तिचंही भलं नाही. व्हायवाला तिला एकटीलाच उभं राहायचंय.

आता खरा प्रश्न. तू 'नाही' का म्हणू शकत नाहीस? माझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. 'नाही' म्हटलंस तर ती 'का' विचारेल, आणि 'का'चं उत्तर आहे नीट. नीटचं तर कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून जर्नलही लिहायचं, म्हणून लाइटही लावायचा नाही, म्हणून पहाटे पांघरुणात मोबाइलच्या उजेडात बसायचं. आणि पांघरुणात काय होतं? वाचन होतं. बायोलॉजीचं एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक आडवं पडून वाचता येतं, उजळणी केल्याचं समाधानही मिळतं. फिजिक्सला टेबल लागतं, कच्चा कागद लागतो, आकृती काढावी लागते, खोडावं लागतं, पुन्हा काढावी लागते. गतीचे नियम किंवा करंट इलेक्ट्रिसिटीचं सर्किट उशीवर डोकं ठेवून सुटत नाही. फिजिक्सला वेळ मिळत नाही असं तू म्हणतेस. मला तर असं दिसतं की तुला फिजिक्ससाठी दिवा लावता येत नाही. दिवा लावला की गुपित उघडं पडतं.

हे गुपित यंदा तुला किती महाग पडेल, ते तुझ्या गेल्या वेळच्या मार्कांवरून दिसतं. बायोलॉजीत ३६० पैकी २९० आहेत, तिथे अजून जास्तीत जास्त ७० मिळवता येतील, आणि शेवटचे काही मार्क सगळ्यांनाच महाग पडतात. फिजिक्समध्ये १८० पैकी ५२, म्हणजे १२८ मार्कांची जागा मोकळी. त्यात १६ चुकांचे १६ मार्क वजा झालेत. ती उत्तरं नुसती कोरी सोडली असतीस तरी ५२ चे ६८ झाले असते. आणि रोज पहाटेचा सगळ्यात ताजा वेळ तू देतेस कुणाला? जिथे आधीच चांगलं जमतं, त्या बायोलॉजीला. दोन वर्षं अपयश पाहिलेल्या मुलीला जमणाऱ्या विषयाजवळ बसावंसं वाटतं, हे मला कळतं. त्यात मायाच येते तुझी. पण तिथे बसून नंबर लागणार नाही.

कॉलेजबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर फार बोलण्यासारखं नाही. सोडू नकोस. प्रत्येक विषयाला थिअरी आणि प्रॅक्टिकलची वेगवेगळी ८० टक्के हजेरी हा फार्मसी कौन्सिलचा नियम आहे. तुझ्या सर-मॅडमना तो बदलता येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर चिडण्यात रोजची शक्ती घालवू नकोस. शिवाय ज्याला तू ओझं म्हणतेस त्यातलं बरंचसं तुझ्याच कामाचं आहे. रक्त, हृदय, श्वसन, चेतासंस्था, उत्सर्जन हे तुम्ही कॉलेजात शिकता, ते नीटच्या ह्युमन फिजिऑलॉजीपेक्षा खोल असतं. दुसऱ्या सेमिस्टरला ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री येते. दुपारच्या लेक्चरला बसून 'हे सगळं माझ्या नीटच्या आड येतंय' असं मनात घोळवण्याऐवजी तेच लेक्चर नीटच्या डोळ्यांनी ऐक. मानवी शरीराचा भाग तुझा वर्गातच पक्का होईल. फिजिक्स मात्र कॉलेज तुला अक्षरशः शून्य देणार आहे, ते सगळं तुलाच आणावं लागेल. म्हणून दिवसातला तुझ्या एकटीचा जो वेळ आहे तो फिजिक्सचा.

आणि पूर्ण वेळ घरी बसून पुन्हा ड्रॉप? तू एक वर्ष तेच केलंस ना? पहिल्या प्रयत्नानंतरचं वर्ष. त्या वर्षी न कॉलेज होतं, न जर्नल, तरी फिजिक्स ५२ वर थांबलं. ती अडचण वेळाची नव्हती. ते तसंच मनात ठेव आणि पुढे चल.

आता त्या भीतीबद्दल. निकालाच्या दिवशी फोन, शेजारी, नातेवाईक, 'किती पडले?' हे मला ठाऊक आहे. त्यातून गेलेल्या मुलींची पत्रं मला येतात आणि ती वाचताना माझा जीव कासावीस होतो. तुला पुन्हा सगळ्या गावाला सांग असं मी म्हणतच नाही. गावाने तो प्रश्न विचारण्याचा हक्क गमावलाय. पण गाव वेगळं आणि ज्या खोलीत तू झोपतेस ती खोली वेगळी. जी मुलगी तुझ्यापासून चार हातांवर झोपते, तिच्यापासून तू रोज पहाटे लपतेस, आणि तिलाच रोज रात्री एक तास देतेस. हे असं किती दिवस चालणार? आणि समज, यंदा नंबर लागला. बी.फार्मचा प्रवेश रद्द करायला तुला कॉलेजच्या ऑफिसात उभं राहावंच लागेल. म्हणजे यश आलं तर ते सगळ्यांना कळणारच आहे. लपवून तू फक्त अपयशाची सोय करून ठेवते आहेस. अभ्यासाला बसण्याआधीच तू हरल्यावर काय बोलायचं याची तयारी केलीस. हे तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

मी तुला एकच काम सांगते, आणि ते आज रात्रीच करायचं. तिचं जर्नल तिच्या हातात दे. कारण लपवू नकोस, तब्येतीचं खोटं सांगू नकोस, 'या आठवड्यात जमणार नाही' असली पळवाटही नको. पळवाट दिलीस तर पुढच्या आठवड्यात वही परत येईल. सरळ म्हण : "मी यंदा पुन्हा नीट देतेय. कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. यापुढे मला तुझं जर्नल लिहिता येणार नाही, आणि पहाटे मी टेबलावरचा दिवा लावणार आहे." बस. माफी मागू नकोस. ती गप्प बसेल, रुसेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. बोलायचं नसेल तर न बोलू दे. दिव्याचा तिला त्रास होणार असेल तर हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये जा, पण लपून नको, सांगून जा. माझा अनुभव असा आहे की अशा वेळी बहुतेक मुली 'आधी का नाही सांगितलंस?' असंच म्हणतात. तिने तसं नाही म्हटलं तरी तुझं काम झालेलंच असेल.

रात्रीचा जो तास सुटेल त्याचं काय करायचं? झोप. हो, झोपायचं. साडेअकराला आडवी होऊन चारला उठतेस, म्हणजे साडेचार तास. एवढ्याशा झोपेवर वाचलेलं डोक्यात टिकत नाही, कारण दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच घट्ट करतो. आणि फिजिक्समध्ये एक वजाबाकी चुकली तर पूर्ण प्रश्न जातो. अशा अर्धवट झोपेवर पेपर दिलास तर तुझ्या त्या १६ चुकांत भरच पडेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. साडेदहाला झोप, पाचला ऊठ, दिवा लाव, टेबलावर बस. पहाटे फक्त फिजिक्स. पहिला आठवडा नवीन धडा उघडूसुद्धा नकोस. गेल्या वर्षीचा पेपर काढ, तू चुकलेले १६ प्रश्न एकेक करून कागदावर सोडव, आणि प्रत्येकाच्या बाजूला लिही : सूत्र माहीत नव्हतं, आकडेमोड चुकली, की उगाच अंदाज मारला. अंदाज मारलेले किती निघतात ते बघ. तिथेच तुझे मार्क गळतात. ते हाताने मोजल्याशिवाय तुझी खात्री पटणार नाही. दुसऱ्या आठवड्यापासून रविवारी सकाळी एक पूर्ण पेपर, ओएमआरवर म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, घड्याळ लावून. कपडे दुपारी धुतले तरी चालतात.

वेळापत्रक मागितलंस, ते मी इतकंच दिलंय, आणि जाणूनबुजून. याहून जास्त चौकटी आखून दिल्या तर तू त्या रंगवत बसशील आणि रूममेटशी बोलणं पुढच्या सोमवारवर जाईल. आधी ते बोल. नंतर मला लिही, आणि त्या पत्रात ५२ च्या जागी पहिल्या मॉक टेस्टमधला फिजिक्सचा आकडा लिहून पाठव. तो कमी आला तरी पाठव.