गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात कैद्यांना दहावी सक्तीची करावी का?

वर्गात बसायची सक्ती करा, पास व्हायची नको. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत असंच आहे: बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र नसेल तर निदान 240 तास वर्गात बसावंच लागतं. आपली अडचण वेगळी. कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला, आज आत, उद्या जामिनावर घरी, वही तिथेच. (शिकवायला म्हणून जामीन थोडाच अडवणार?) म्हणून मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, बरं पडतं. नोंदणी 5 वर्षं टिकते, परीक्षेच्या 9 संधी मिळतात, पास झालेला विषय जमा राहतो. आत मराठी काढावं, सुटल्यावर म्हापशाला घरी बसून गणित. पण चाळिशीतला माणूस अंगठा सोडून पहिल्यांदाच सही गिरवत असेल, तर त्याच्यापुढे दहावीचं पुस्तक कसलं ठेवता? त्याला आधी बाराखडी.