वाईट बातमी त्याच दिवशी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मामांनी कोर्टात जाणं थांबवलं, ऑफिस तुझ्या हाती आलं, आणि चार ज्युनियर, मुन्शीजी, टायपिस्ट असे सगळे आता तुझ्या तोंडाकडे बघतात. कामाची वाटणी कशी करू, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, रोज मीटिंग घ्यावी का, असं तू विचारलं आहेस. सगळ्याची उत्तरं देते. पण त्याआधी मीच तुला एक विचारते : तुझ्या ऑफिसात काही चुकलं, तर ते तुझ्यापर्यंत किती वेळात पोचेल? वकिलाचं ऑफिस चालवणाऱ्याने आधी याची सोय लावावी, असं माझं ठाम मत आहे.

चेक बाउन्सचं प्रकरण घे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते. नोटिशीच्या 30 दिवसांना ती सोय नाही. आता समज, एखाद्या ज्युनियरच्या हातून हे 30 दिवस निघून गेले. एकतिसाव्या दिवशी तो तुझ्यासमोर उभा राहून बोलला, तर तू आधी चेकवरची तारीख बघशील. तीन महिने झाले नसतील तर चेक पुन्हा बँकेत लावता येतो, तो पुन्हा परत आला की नोटिशीची मुदत नव्याने मिळते. सुप्रीम कोर्टाने 2012 साली हे स्पष्ट केलं आहे. पण तो घाबरून दोन महिने गप्प बसला तर चेकचीही मुदत संपते. मग पक्षकाराच्या हातात उरतो फक्त वसुलीचा दिवाणी दावा, आणि तो किती वर्षं चालेल हे कुणी सांगावं? त्या मुलाची चूक दोन्ही वेळा सारखीच आहे. तो कधी बोलला यावर पक्षकाराचं नशीब ठरलं. आणि तो कधी बोलेल हे, मागच्या वेळी कुणी बोललं तेव्हा तू त्याच्याशी कशी वागलीस, त्यावर ठरतं.

म्हणून ओरडू नकोस. फाइल टेबलावर आपटणं, पक्षकारासमोर ज्युनियरला झापणं, यालाच पुष्कळ सिनियर शिकवणं समजत आले. मला ते कधीच पटलं नाही. कुणी चूक सांगायला आलं की पहिला प्रश्न विचार, "अजून काय करता येईल?" कलम बघा, तारखा मोजा, अर्ज लिहायला घ्या. कुणाचं चुकलं, का चुकलं, हे दुसऱ्या दिवशी, दार लावून, शांतपणे. याचा अर्थ ढिलाई नव्हे. चुकणाऱ्याला सांभाळून घेईन, लपवणाऱ्याला घेणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवून सांग. आणि लपवालपवी सापडली तर मग नात्यातला असो की ओळखीतला, गय करू नकोस. मामांच्या ओळखीने लागलेला एक मुलगा तुझ्याकडे आहे, हे मला माहीत आहे. त्याच्यापासूनच तुझी परीक्षा होईल.

आता मुदतीची डायरी. ती एकाच्या डोक्यात राहता कामा नये, मुन्शीजींच्या तर नाहीच. त्यांची स्मरणशक्ती कितीही पक्की असली तरी. प्रत्येक फाइलवर दोन नावं लिही : एक काम करणाऱ्याचं, एक तारीख तपासणाऱ्याचं. अपिलासाठी तीन तारखा वेगवेगळ्या लिहायला लाव. निकाल कधी लागला, निकालाच्या नकलेचा अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली. डिक्रीविरुद्ध, म्हणजे दिवाणी दाव्यातल्या निकालाच्या हुकुमाविरुद्ध, जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, हायकोर्टात 90. नकलेसाठी लागलेला वेळ या मुदतीतून वजा होतो खरा, पण अर्ज देण्याआधी कोर्टाने डिक्री बनवायला घेतलेला वेळ वजा होत नाही. नवे वकील नेमके इथे फसतात. डिक्री तयार झाली की अर्ज देऊ, म्हणून थांबतात. निकालाच्या दिवशीच अर्ज, हा नियम करून टाक.

आपल्या हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाकडे धार, झाबुआ, रतलामकडून माणसं येतात. बरेचदा हातात पिशवीत गुंडाळलेला निकाल असतो आणि दिवस आधीच संपत आलेले असतात. त्या माणसाला पहिल्यांदा जो भेटेल त्याने, तो टायपिस्ट का असेना, फीची किंवा केसची गोष्ट काढण्याआधी या तीन तारखा कागदावर घ्याव्यात. अपिलाला उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज आहे. व्यावसायिक (कमर्शियल) दाव्यात मात्र समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत जवाबदावा, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, गेला नाही की तो देण्याचा हक्कच जातो, मग कोर्टालाही काही करता येत नाही. अशा फाइलींना वेगळ्या रंगाचं कव्हर घाल.

मीटिंग घे, पण सकाळी नको. सकाळी सगळ्यांचं चित्त कॉजलिस्टवर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीवर असतं. संध्याकाळी कोर्टातून परतल्यावर वीस मिनिटं बसा, उभ्या उभ्या झालं तरी चालेल. आज काय आदेश झाले, पुढची तारीख काय, आणि आज काय बिघडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी तू दे. तुझी स्वतःची राहून गेलेली गोष्ट तू सांगितलीस की बाकीच्यांची जीभ सैल होईल.

कामाच्या वाटणीत एक गोष्ट मला फार खुपते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हायकोर्टात इंग्रजीतून याचिका लिहिणारा ज्युनियर ऑफिसात मोठा, आणि जिल्हा न्यायालयात हिंदीतून साक्षी नोंदवून घेणारा धाकटा, अशी उतरंड आपोआप तयार होते. ती मोड. अपील उभं राहतं ते खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवर. उलटतपासणीत जो प्रश्न विचारलाच नाही, जो कागद पुराव्यात नोंदवून (प्रदर्श करून) घेतला नाही, तो अपिलात आणायचा तर वाट फार अरुंद आहे. नवा पुरावा क्वचितच घेतात. मग ज्याच्या कामावर सगळं उभं आहे, त्यालाच कमी पैसे आणि कमी मान का? माझं ऐक, दर काही महिन्यांनी कामं बदल. इंग्रजीवाल्याला साक्षीपुराव्याला पाठव, आणि साक्षीपुराव्यावाल्याला त्याच केसचं अपील लिहू दे. इंग्रजी कच्चं असेल तर तू सुधार. आपण घेतलेल्या साक्षीतली फट अपील लिहिताना स्वतःला दिसली की तो जे शिकतो, ते तुझ्या दहा व्याख्यानांनी येणार नाही.

आणि त्यांना उभं राहू दे. साध्या तारखेला नव्हे, युक्तिवादाला. तू बाजूला बस. कोर्टाचे आदेश नोंदवतात त्या ऑर्डरशीटवर त्यांचं नाव लागलं आहे ना, हे बघ. पक्षकारासमोर सांग, "हा मसुदा यांनी केला."

पैशांबद्दल स्पष्टच लिहिते. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्ती नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण शिकायला मिळतं हाच पगार, असं म्हणून तीन-तीन वर्षं राबवून घेणं अन्याय आहे. खोलीचं भाडं निघत नसलेला मुलगा दुपारी दुसऱ्याची छोटी कामं करायला जाणारच, आणि त्या दुपारी तुझी फाइल पडून राहणार. चौघांना पुरेसं देता येत नसेल तर तिघं ठेव, पण तिघांना नीट दे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, मागायला न लावता.

गुप्ततेबद्दल थोडक्यात. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं बाहेर फोडू नये, हे सांगणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 वकिलाच्या मुन्शीला आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. टायपिस्टलाही हे समजावून सांग, आणि पक्षकारांची कागदपत्रं ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं बंद कर.

सॉफ्टवेअर कुठलंही घे. आधी तीन महिने डायरी हाताने लिहून बघ, म्हणजे काय हवं ते कळेल.

येत्या रविवारी घरी ये. चालू फाइलींची यादी आण, प्रत्येकीपुढे मुदतीची तारीख लिहून. ज्यांच्यापुढे लिहिता आली नाही त्या वरती घे, आपण तिथूनच सुरुवात करू. मामांना आणि मुन्शीजींना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी