प्रश्न तुमचे : एक खोली, एक दिवा, एक खून

मागच्या अंकात साठच्या दशकातल्या स्वस्तातल्या अमेरिकन गुन्हेपटांवर लेख होता. बीटनिक कवींचा (रूढी झुगारणाऱ्या अमेरिकन तरुण कवींचा) धुरकट कॅफे, त्यात एक खून आणि चित्रीकरण आठवडाभरात खलास, अशा पठडीचे ते चित्रपट. त्यावर आलेल्या पत्रांतली ही पाच.

*बीटनिक म्हणजे हिप्पीच ना? आणि गुन्हेपटवाल्यांना नेमके तेच का सापडले?*
— दारव्हा, जि. यवतमाळ

नाही. हिप्पी नंतर आले, साठच्या दशकाच्या मध्यावर. ‘बीट पिढी’ हा शब्द लेखक जॅक केरुआकने १९४८मध्ये वापरला. बीट म्हणजे पार थकलेला, जीव मेटाकुटीला आलेला. त्याला ‘निक’ हे शेपूट लावलं सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी, २ एप्रिल १९५८ रोजी. रशियाचा उपग्रह स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ला आकाशात गेला होता, त्यातला हा ‘निक’. म्हणजे बीटनिक हे मुळात हिणवण्याचं नाव आहे. खुद्द कवींना ते आवडत नसे. त्यांतला अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२मध्ये भारतात आला आणि मुंबई, कोलकाता, काशी इथे वर्षभराहून जास्त राहिला.

निर्मात्यांना बीटनिक भावले ते कवितेसाठी नव्हे. कॅफे म्हणजे एकच खोली, उजेड मेणबत्तीचा, कपडे काळे आणि संगीताला एक बोंगो (हाताने वाजवायचा छोटा जोडढोल). खर्च जवळपास शून्य. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने ‘अ बकेट ऑफ ब्लड’ (१९५९) सुमारे ५० हजार डॉलरमध्ये, पाच दिवसांत उरकला. दाढीवाला, कामधंदा नसलेला तरुण प्रेक्षकाला आधीच संशयित वाटायचा, त्यामुळे खलनायकाची ओळख करून देण्याचीही गरज उरत नसे. कवींवर हा अन्यायच होता. तुम्ही या धर्तीची गोष्ट रचत असाल तर गुन्हेगार कवीच हवा, असं काही नाही. टेबल पुसणारा पोऱ्याही चालतो. कॉर्मनने तेच केलं.

*आम्ही पाच पोरं मोबाइलवर पंधरा मिनिटांचा खुनाचा पिच्चर करून राहिलो. कॅफे म्हणून चहाच्या टपरीमागची खोली घेतली. कृष्णधवल केलं तर सगळं राखेसारखं दिसते, अन् चित्रावर काळे पट्टे सरकतात. काय चुकलं?*
— मूल, जि. चंद्रपूर

दोन वेगळे दोष आहेत. पट्टे विजेमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोबाइल मात्र बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड घेण्याचा वेळ, १/६० सेकंद ठेवतो. दोघांचा ताल जुळत नाही. सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक चित्राला दिव्याची पुरती दोन स्पंदनं मिळतात आणि पट्टे जातात. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर हाताने शटर ठरवता येणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या.

राखेचा रंग येतो चुन्याच्या भिंतींमुळे. ट्यूब लावली की उजेड चारी भिंतींवर आपटून परत येतो, सावली कुठे पडतच नाही आणि काळं काही उरत नाही. ट्यूब बंद करा. टेबलाच्या वर दीड-दोन फुटांवर ९ वॅटचा एकच एलईडी टांगा. त्याला काळ्या चार्टपेपरचं नळकांडं करा, वरचं तोंड उघडं ठेवा म्हणजे दिवा तापणार नाही. (पिवळा जुना बल्ब असेल तर कागद लावूच नका, पेटतो.) उजेड टेबलावर गोल पडला पाहिजे आणि माणूस पुढे वाकला तरच त्याचा चेहरा उजळला पाहिजे. मागे रेलला की डोळे अंधारात. खुनी आणि साक्षीदार यांचं अर्धं नाट्य या सहा इंचांच्या हालचालीत आहे.

भिंतींवर रिकामी बारदानाची पोती टांगा. ताडपत्री नको, ती चमकते. पोतं उजेड गिळतं आणि आवाजाचा घुमाराही कमी करतं, एका कामात दोन.

काळा सदरा काळ्या भिंतीसमोर पार नाहीसा होतो आणि नुसतं मुंडकं तरंगताना दिसतं. त्यावर उपाय म्हणजे नटाच्या मागे चार-पाच फुटांवर, एका बाजूला, खांद्याच्या उंचीवर दुसरा मंद दिवा. तो कॅमेऱ्याला दिसता कामा नये; केस आणि खांद्याची कड तेवढी उजळली की माणूस भिंतीपासून सुटतो.

मग चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड ‘लॉक’ होईल. मग उजेड थोडा खाली ओढा. हे विसरलात तर नटाने काडी पेटवली की फोन स्वतःच सगळी खोली काळी करतो आणि काडी विझली की पुन्हा उजळवतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, ते ठरवणारा आकडा) ८००च्या वर नेऊ नका, नाहीतर काळ्या जागेत दाणे वळवळतात. आणि चित्रीकरण करतानाच पडद्यावर कृष्णधवल लावून बघा. लाल लुगडं आणि हिरवा सदरा डोळ्यांना वेगळे, पण कृष्णधवलमध्ये बहुतेक वेळा एकाच करड्या रंगाचे.

*गावातला रात्रीचा रस्ता काही केल्या दिसत नाही. मोठे हॅलोजन परवडत नाहीत.*
— आर्वी, जि. वर्धा

रात्री घेऊच नका. सूर्य बुडाल्यावर पंधराव्या ते पंचविसाव्या मिनिटापर्यंत आभाळात थोडा उजेड असतो आणि घरांतले दिवेही लागलेले असतात. तिन्हीसांजेची ती दहा मिनिटं पडद्यावर रात्र होऊन येतात. दिवसाला एकच दृश्य होईल, म्हणून चारलाच त्या जागी तालीम उरकून ठेवा. मोटारसायकलचा हेडलाइट नटाच्या पाठीमागे तीस-चाळीस फुटांवर ठेवला की लांब सावली कॅमेऱ्याकडे धावत येते. जुने चित्रपटवाले रस्ता ओला करून उजेड दुप्पट करत. आपल्याकडे उन्हाळ्यात त्यासाठी पाणी सांडणं बरोबर नाही. पावसाळ्यात सर ओसरल्यावर सिमेंट रस्त्यावर जा.

नुसतं चालण्याची दृश्यं आवाजाशिवाय घ्या आणि वरून निवेदन लावा. दिग्दर्शक अ‍ॅलन बॅरनने ‘ब्लास्ट ऑफ सायलेन्स’मध्ये (१९६१) न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर हेच केलं. भाडोत्री मारेकऱ्याची भूमिकाही त्याने स्वतःच केली. तिथला निवेदक त्या मारेकऱ्याशी थेट द्वितीय पुरुषात बोलतो. मराठीत हे फार जमण्यासारखं आहे. ‘तू आता वळशील. तुला माहीत आहे, तो घरी एकटा आहे.’ ‘तू’ म्हटलं की अंगावर येतं. इंग्रजीत ‘यू’ सगळ्यांनाच म्हणतात, आपल्याकडे ‘तू’ला धार आहे.

खेळण्यातली का असेना, बंदूक घेऊन रस्त्यावर जाण्याआधी पोलीस पाटलांना आणि ठाण्याला लेखी कळवा. तारीख, वेळ, जागा आणि माणसं किती, एवढं पुरे.

*आमचे नट झाडीपट्टीच्या नाटकांत कसलेले आहेत. पण मोबाइलवर ते ओरडल्यासारखे वाटतात, आणि आवाज फाटतो.*
— देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

ते चुकत नाहीत. हजारोंच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून त्यांनी तो आवाज कमावला आहे. ‘हळू बोला’ असं सांगून तो उतरत नाही. समोरच्या पात्राला त्यांच्यापासून दोन फुटांवर बसवा आणि सांगा, शेजारच्या खोलीत माणूस झोपला आहे, तो उठता कामा नये. आवाज आपोआप खाली येतो आणि डोळे बोलू लागतात.

कॅमेऱ्याच्या फोनवर आवाज घेऊ नका. दुसऱ्या फोनला साधा कॉलरचा माइक लावा, हनुवटीखाली एक वीत. दृश्याच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा; दोन्ही फोनवरची टाळी जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. पंखा बंद करा. शेतीची वीज रात्रपाळीत असेल तर पाण्याच्या पंपांची घरघर दूरवरून येते, तेव्हा पाळी पाहूनच तारीख धरा. दृश्य संपल्यावर कोणी हलू नका, त्या खोलीची एक मिनिट शांतता नोंदवून घ्या. जोडकामात (एडिटिंगमध्ये) दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तीच लागते. हे टाळलं तर प्रत्येक कापाला आवाज चटकन तुटतो आणि हौशीपणा तिथेच उघडा पडतो.

बोंगो शोधत फिरू नका. खंजिरी घ्या, विदर्भात ती वाजवणारा हात गावोगाव सापडतो. माइक सहा-सात फूट दूर ठेवा, जवळ ठेवला तर थाप फाटते. पाठलागात खंजिरी वाजवा आणि खुनाच्या क्षणी थांबवा.

*कुंकू पाण्यात कालवून रक्त केलं, पण ते पातळ सांडलेल्या चहासारखं दिसतं.*
— तुमसर, जि. भंडारा

कृष्णधवलमध्ये लाल रंगाचा उपयोग नाही, गडदपणा आणि चिकटपणा हवा. हिचकॉकने ‘सायको’मध्ये (१९६०) चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. अर्धी वाटी गूळ पाव वाटी पाण्यात उकळा, गाळा, बोटाला चिकटू लागला की लगेच उतरवा. तार येऊ दिली तर थंड झाल्यावर चिक्की होते. कोमट असताना दोन चमचे कोको पावडर गुठळ्या मोडून घोटा. नटाला जमिनीवर निजवायचं असेल तर हे रक्त अगदी शेवटी, कॅमेरा तयार झाल्यावरच ओता. गुळाला दहा मिनिटांत मुंग्या लागतात आणि मेलेल्या माणसाला मुंगी चावली की तो हलतोच.