बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटासाठी टमी टक करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. वय ३१, बडोद्यात राहता, मुलगी नऊ महिन्यांची, सिझर झालेलं, अजून अंगावर पाजता. वजन बऱ्यापैकी उतरलं पण पोट तसंच राहिलं. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी 'केटलामो महिनो?' (कितवा महिना?) असं विचारतंच. अहो म्हणतात पैशाची सोय करू, सासूबाई म्हणतात देवाने दिलेल्या शरीराला सुरी कशाला लावायची. आणि तुम्हाला टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून आतले स्नायू जुळवायचं ऑपरेशन, नवरात्रीच्या आत उरकायचं आहे.

नवरात्रीच्या आत नको. बाकी उत्तर लांबलचक आहे, पण एवढं आधीच सांगून टाकते.

कधीच करू नका, असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः हे ऑपरेशन करून घेतलंय, दुसऱ्या बाळंतपणानंतर काही वर्षांनी, इथेच बडोद्यात. पश्चात्ताप झालेला नाही. पण मी ते केलं तेव्हा धाकटी शाळेत जात होती, स्वतःच्या पायांनी जिना चढत होती. सगळा फरक तिथेच आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी पोटात नेमकं काय झालंय ते पाहा. 'पोट सुटलं' असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: चरबी, सैल पडलेली कातडी आणि मधून फाकलेले स्नायू. तिन्हींचा इलाज वेगळा. चरबी खाण्यापिण्याने आणि चालण्याने कमी होते, फार तर लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून. सैल कातडीला व्यायामाने काहीही होत नाही, कोणी काहीही सांगो. आणि लायपोसक्शनने कातडीही आवळत नाही, स्नायूही जुळत नाहीत. उलट आतली चरबी गेल्यावर कातडी जास्तच लोंबते. त्यामुळे 'छोटंसं लायपो करून टाका, दुसऱ्या दिवशी घरी' असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा की माझ्या पोटात या तिघांपैकी काय आहे.

स्नायूंचं घरच्या घरी तपासता येतं. सकाळी उपाशीपोटी पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि डोकं-खांदे जमिनीवरून थोडे उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ होतात आणि मधे खोबण लागते. ती दोन बोटांपेक्षा रुंद असेल तर फट आहे असं धरतात. गरोदरपणाच्या शेवटी ती जवळजवळ सगळ्यांनाच पडते, पुढे बऱ्याच जणींची आपोआप भरून येते. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींना वर्षभर तपासलं होतं (२०१६ साली ते प्रसिद्ध झालं). बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींना फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्क्यांना आणि वर्षाने सुमारे ३३ टक्क्यांना. म्हणजे बाळंतपणाला तुमचे नऊच महिने झालेत, तुमचं शरीर अजून कामाला लागलेलंच आहे. आणखी एक, त्या पाहणीत फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. बहुतेकींची फट लहान होती हे खरं, पण 'ऑपरेशन करा, कंबरदुखी थांबेल' असं ठोकून सांगणाऱ्यापासून जरा सावध राहा.

या मधल्या काळात फिजिओथेरपिस्टकडे जा. जिमच्या ट्रेनरकडे नको, तो पहिल्याच दिवशी क्रंचेस (पाठीवर पडून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम) मारायला लावेल आणि मोठी फट असताना नेमके तेच नकोत. पोटाचे आतले स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांचे साधे, कंटाळवाणे व्यायाम असतात. श्वास सोडताना पोट आत घ्यायचं, धरायचं, सोडायचं. आपल्याकडे सयाजी हॉस्पिटलच्या आवारात फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे, खासगीतच जायला पाहिजे असं नाही. शिंकताना, हसताना लघवीचे थेंब येत असतील तर तेही तिथे सांगा. आपल्याकडे बायका ही गोष्ट सासर, माहेर, डॉक्टर सगळ्यांपासून लपवतात. टमी टक हा त्यावरचा इलाज नाही, हे व्यायाम आहेत.

आता ऑपरेशनबद्दल. सर्जनने मला आरशासमोर उभं केलं. झोपवून नाही, उभं, कारण झोपलं की सगळ्यांचीच पोटं सपाट दिसतात. मग बेंबीखालची कातडी दोन्ही हातांनी चिमटीत धरून खाली ओढली आणि जांभळ्या मार्करने एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत रेघ काढली. सिझरच्या व्रणाच्या थोडी खालून ती गेली. 'एवढा व्रण राहील,' असं म्हणून ते बाजूला झाले आणि मला बघू दिलं. ती रेघ केवढी मोठी दिसते, हे ऐकून कळत नाही. तुम्ही सल्ला घ्यायला जाल तेव्हा अशी रेघ मारून दाखवा असं मुद्दाम सांगा. बऱ्याच जणींचा निर्णय तिथेच होतो, या नाहीतर त्या बाजूला.

त्या रेघेवर काप घेऊन वरची कातडी उचलतात, फाकलेले स्नायू मधोमध टाक्यांनी जुळवतात, जादाची कातडी कापून टाकतात आणि बेंबीला नव्या जागी भोक पाडून बसवतात. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क त्या कातडीबरोबर जातात, वरचे खाली सरकतात पण राहतात. पूर्ण भूल द्यावी लागते, दोन ते चार तास जातात. बऱ्याचदा आत साठणारं पाणी काढायला नळ्या ठेवतात. त्यांच्या टोकाला रबरी फुगे असतात, ते गाऊनला आतून पिनांनी अडकवून घरभर फिरायचं आणि किती पाणी आलं ते मोजून वहीत लिहायचं. आमच्या धाकटीला ते फुगे फार आवडले होते. तिला ओढायला मिळू नयेत म्हणून मी दुपट्टा घेऊन बसायचे.

धोके साध्या भाषेत लिहिते, कारण जाहिरातीत ते नसतात. कातडीखाली पाणी साठणं हे सगळ्यांत जास्त दिसतं, सुईने काढावं लागतं. रक्त साठू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, काप मधेच उघडू शकतो. बेंबीखालचा भाग महिनोन्‌महिने बधिर राहतो, काहींचा कायमचा. आपल्या सावळ्या कातडीला जाड, उठावदार व्रण येण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त असते. सिझरचा व्रण तसा झाला असेल तर सर्जनला आवर्जून दाखवा. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. म्हणून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी धरून चालवतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या याच कारणासाठी सांगायच्या असतात.

आता खरा मुद्दा. पहिला आठवडा-दहा दिवस तुम्ही वाकून चालता, कारण ताठ उभं राहिलं की टाके ओढतात. पट्टा दिवसरात्र बांधलेला असतो. (आपल्या आज्या बाळंतिणीचं पोट बांधायच्या, त्याची आठवण येतेच.) आणि सुमारे सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. जड म्हणजे सिलिंडर नव्हे. तुमची मुलगी. नऊ महिन्यांची मुलगी आठेक किलोची, आणि तिला हे कळत नाही की आई समोर दिसते तर उचलून का घेत नाही. पाळण्यातून काढणं, न्हाऊ घालणं, रात्री रडली की कुशीत घेणं, कमाटीबागेत नेल्यावर कडेवर घेणं, सगळं दुसऱ्याच्या हातून. माझ्या वेळी आई येऊन राहिली होती आणि मुली मोठ्या होत्या, तरी यांची शिफ्टची नोकरी असल्यामुळे दमछाक झाली. तुमचे अहो म्हणतात पैशाची सोय करू. पैशाची सोय ही त्यातली सोपी सोय. सहा आठवडे रात्री उठायची सोय कोण करणार, ते नावानिशी ठरवा. उत्तर 'बघू, होईल' असं आलं, तर तुमच्या प्रश्नाचंही उत्तर तेच.

थांबायला सांगण्याचं दुसरं कारण दुधाचं. पाजत असताना शरीरातली संप्रेरकं आणि वजन दोन्ही हलती असतात. दूध सोडवून तीन ते सहा महिने जाऊ द्या, वजन काही महिने एकाच जागी राहू द्या, असं सर्जन सांगतात. आणि दुसरं मूल हवंय का, याचं उत्तर घरात आधी होऊ द्या. टमी टकनंतरही मूल होऊ शकतं, पण पोट पुन्हा ताणलं जातं आणि केलेलं पुष्कळसं वाया जातं. मी पहिल्या मुलीनंतर विचारायला गेले होते, तेव्हा सर्जनने हाच प्रश्न विचारला आणि आमचं उत्तर ऐकून परत पाठवलं. मला तो माणूस तिथेच पटला.

सर्जन निवडताना बोर्डाकडे पाहू नका. अलकापुरीत आणि ओल्ड पादरा रोडला कॉस्मेटिक क्लिनिकचे चकचकीत बोर्ड कमी नाहीत. सर्जनची पदवी पाहा: जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्या विषयातलं डीएनबी. नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'एस्थेटिक एक्स्पर्ट' याला सर्जन म्हणत नाहीत. ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलमध्ये होणार, तिथे आयसीयू आहे का, भूल कोण देणार, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, हे विचारा. 'मम्मी मेकओव्हर' नावाची पॅकेजं असतात, पोट, छाती, लायपो एकत्र. वेळ वाढतो तशी भूलही लांबते आणि धोकाही. मला छातीचंही करून घ्या म्हणून सुचवलं होतं, मी नको म्हटलं. तिथे मला काही खुपत नव्हतं.

खर्चाचे मला सांगितलेले आकडे दीड ते अडीच लाखांच्या मधले होते. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सगळ्या पॉलिसींमधून वगळलेली असते. वर जीएसटी लागतो, जो आजारावरच्या उपचाराला नसतो. मात्र फटीबरोबर बेंबीचा हर्निया असेल तर तो आजार आहे आणि त्याच्या दुरुस्तीचा क्लेम होऊ शकतो, म्हणून सोनोग्राफी करून ते लेखी घ्या.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांना गोष्ट सांगा. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीचं नवीन नाक बसवून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. म्हणजे प्लास्टिक सर्जरी हे काही परदेशी खूळ नाही, आपल्याकडूनच तिकडे गेलेलं आहे. अर्थात त्याचं नाक कापलं गेलं होतं आणि तुमच्या पोटाला सिझर सोडून कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे हा दाखला वादात फार ताणू नका.

लिफ्टमधल्या बायकांसाठी मात्र ऑपरेशन करू नका. पोट सपाट झालं की त्या 'फार वाळलीस गं' म्हणतात, अनुभवाने सांगते. तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी जास्त थांबले: 'आंघोळ करताना दिवा बंद करते.' असं रोज होत असेल, रडू येत असेल, मुलगी झोपलेली असतानाही झोप लागत नसेल, तर सर्जनच्या आधी तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं आणि त्याला औषध आहे. त्या मनःस्थितीत शरीराचे कायमचे निर्णय घेऊ नयेत.

यंदाच्या गरब्यासाठी नवाबजारातून चणिया घ्या आणि चोळी दरज्याकडून कमरेपर्यंत लांब शिवून घ्या, जुन्या पद्धतीच्या कच्छी चोळ्या तशाच असतात. ओढणी पुढून घेऊन पिन केली की पोटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. उड्या मारणं फिजिओथेरपिस्टला विचारूनच, गोल फिरायला हरकत नसावी.

एक गोष्ट मात्र थांबण्यातली नाही. बेंबीपाशी किंवा सिझरच्या व्रणापाशी फुगवटा येत असेल आणि तो झोपल्यावरही आत जात नसेल, टणक लागत असेल, दुखत असेल, सोबत उलट्या होत असतील, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा मी काय लिहिलंय ते वाचत बसू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा, मध्यरात्र असली तरी.