मस्टँग मागून उंच दिसते? ब्लॉक घालण्याआधी बोल्ट सैल करून बघा

तुम्ही लिहिलंय की १९६८च्या फोर्ड मस्टँगला मागे नवे पाटे (लीफ स्प्रिंग) बसवून घेतले, आता गाडी मागून उचलल्यासारखी दिसते आणि गॅरेजवाला दीड इंचाचे लोअरिंग ब्लॉक, म्हणजे गाडी खाली आणायला पाटा आणि ॲक्सल (मागच्या दोन चाकांना जोडणारा आस) यांच्यामध्ये घालायचे ठोकळे, घालू म्हणतोय. कृपा करून लगेच हो म्हणू नका. माझ्या १९६७च्या कूपेचं मिशिगनमध्ये अगदी हेच झालं होतं. त्यात मागचे दोन्ही टायर आणि मडगार्डचा रंग गेला.

जॅक, स्टँड, यू-बोल्ट हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते. मला एकच विचारायचंय: पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या गोल वळणाचा) बोल्ट आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) नट शेवटचे आवळले तेव्हा गाडी कुठे होती? लिफ्टवर, ॲक्सल खाली लोंबकळत? की चाकं जमिनीवर आणि वजन पाट्यांवर?

त्या बोल्टभोवती रबरी बुश (आत लोखंडी नळी असलेली रबरी गादी) असतील तर सगळी मेख इथेच आहे. बोल्ट आवळला की बुशच्या आतली नळी जागेवर पक्की धरली जाते. त्यानंतर पाटा हलतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर रबर पंचा पिळावा तसं पिळून राहतं आणि सुटायची धडपड करत मागची बाजू वर ढकलत राहतं. पाटे उत्तम असले तरी गाडी उंचच दिसते.

माझ्या गॅरेजने नेमकं असंच काम केलं होतं. उंची दाखवली तर उत्तर मिळालं, "नवे पाटे आहेत, बसतील आपोआप." नवे पाटे थोडे बसतात हे खरं, पण इतके नाही. मग त्यांनीच ब्लॉक सुचवले, त्याचे वेगळे पैसे घेतले. मस्टँगमध्ये ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो, त्यामुळे मध्ये दीड इंच घातला की गाडी तेवढीच खाली येते. दिसायला छान दिसली. पुढे पिळलेलं रबर फाटलं, वर ढकलणारा जोर गेला आणि ब्लॉक मात्र तिथेच राहिले. गाडी हवी त्याहून खाली बसली, तीही डावीकडे जास्त. खड्डा आला की बंप स्टॉपवर (ॲक्सल वर आपटू नये म्हणून लावलेल्या रबरावर) दणका आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासणार. परत गेले तर म्हणे रबर झिजतंच, त्याला वॉरंटी नाही. बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले होते हे सांगायलासुद्धा कुणी तयार नव्हतं. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे काम त्यांचं रोजचं होतं, माझं नव्हतं.

तेव्हा आधी गाडी चार खांबांच्या लिफ्टवर किंवा रॅम्पवर घ्या, म्हणजे वजन चाकांवरच राहील. बोल्ट सैल करा, मागची बाजू दाबून चांगली हलवा, गाडी पुढेमागे ढकला आणि मग तशाच स्थितीत आवळा. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायर बदलला की आकडा बदलतो. पेट्रोलची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवा. या गाडीत टाकी अगदी मागे, डिकीच्या तळालाच असते, त्यामुळे भरलेली आणि रिकामी यांत फरक पडतो.

बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यांवर चाललेल्या गाडीत बोल्ट नळीत गंजून एकजीव झालेला असतो. तो सुटलाच नाही तर कापून नवा बुश घालावा लागेल. पुढच्या डोळ्याजवळचा चासीचा पत्राही त्याच वेळी टोचून बघा. तो कुजला असेल तर उंचीचा विचार नंतर करा.

एवढं करूनही गाडी उंच राहिली तर एका बाजूच्या पाट्यात एकावर एक किती पट्ट्या आहेत ते मोजा. मूळ मस्टँगला चार असतात, बाजारात पाचवाले सर्रास विकतात. अशा वेळी मी ब्लॉकऐवजी योग्य कमानीचे पाटे घेईन. माझं हे मत काहींना पटत नाही, आणि नीट बसवलेल्या एक इंची ब्लॉकवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या मीही पाहिल्या आहेत. उलट गाडी बसलेली असेल तरी लांब शॅकल लावू नका. दोन इंच लांबी वाढवून उंची जेमतेम एक इंच मिळते, गाडी आडवी डुलते आणि पिनियनचा (इंजिनाची ताकद ॲक्सलमध्ये आणणाऱ्या दातेरी दांड्याचा) कोन बदलतो तो वेगळाच. सत्तरच्या दशकात एअर शॉक (हवा भरून उंच करायचे शॉक ॲब्सॉर्बर) लावून मागची बाजू वर करायची फॅशन होती, तेही नको. शॉकच्या वरच्या टोकाचा पत्रा गाडीचं वजन पेलायला केलेला नाही.

मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी मी पाहिलेलीही नाही. आणि तुमचे बुश पॉलियुरेथेनचे असतील तर वरचं बरंचसं लागू होत नाही, ते नळीवर मोकळे फिरतात. म्हणून बिलावर काय लिहिलंय ते आधी पाहून इथे सांगा. उंची ठरली की हेडलाइटचा रोखही तपासून घ्या.