“माझ्याशी दोन शब्द नाहीत, काकांशी दोन तास!”

“मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा.” समुपदेशनासाठी आलेल्या एक आई बसता बसताच म्हणाल्या. मुलगा १४ वर्षांचा. शाळेतून आला की खोलीचं दार बंद, काही विचारलं की ‘काही नाही’. आणि हाच मुलगा वरच्या मजल्यावरच्या काकांकडे दोन-दोन तास रमतो. काका निवृत्त वायरमन. दोघं मिळून जुने रेडिओ दुरुस्त करतात. “परक्याशी एवढं काय बोलतो तो?”

हा सल माझ्याकडे अनेक आया घेऊन येतात. त्यात दुखावलेपण असतं, भीतीही असते. भीती रास्तच, म्हणून आधी तिच्याबद्दल बोललो. दार उघडं असतं का? घरात आणखी कोणी असतं का? ‘आईला सांगू नकोस’ असं काका कधी म्हणतात का? त्या अधूनमधून न कळवता वर जाऊन येत होत्या, काकूही घरीच असत. खटकण्यासारखं काही नव्हतं. असतं, तर पुढचं काहीच मी बोलले नसते.

मुलाला वेगळं भेटले. म्हणाला, “काका मार्क विचारत नाहीत. वायर तुटली तरी ‘पुन्हा जोड’ एवढंच म्हणतात.”

आईच्या साध्या प्रश्नातही मुलाच्या भविष्याची काळजी असते आणि ती त्याला नेमकी ऐकू येते. काकांना ती काळजी वाहायची नसते, म्हणून ते निवांत ऐकू शकतात. त्यात आईची हार कुठे आली?

मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही सक्षम, आत्मविश्वासू झाली. त्यांच्या आधारांमध्ये एक वारंवार दिसला: जीव लावणारं कुणीतरी मोठं माणूस, कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. हे सांगितल्यावर बाई बराच वेळ गप्प होत्या.

मग त्यांनीच कबूल केलं, “मी काकांना सांगितलं होतं, तुमचं ऐकतो, तर अभ्यासाचंही जरा बघा.” इथे मात्र मी त्यांना थांबवलं. काका आईचे निरोप्ये झाले, की मुलाला तिथलंही दार बंद झालं. तो खाली आल्यावर ‘काय बोललात?’ हा प्रश्नही नको, असं ठरलं. अवघड होतं त्यांना. पहिले दोन आठवडे ओठ आवळून काढले, म्हणाल्या.

काकांनाही एकदा बोलावलं. त्यांना एकच विनंती केली: रोजचा शब्द देऊ नका, शनिवारचा द्या, पण तो पाळा. असं नातं वर्षभर किंवा अधिक टिकलं तर मुलांना सर्वाधिक लाभ होतो आणि पहिल्या तीन महिन्यांतच तुटलं तर मुलाच्या मनातली स्वतःची किंमत उलट घसरू शकते, असं संशोधक ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या २००२ सालच्या अभ्यासात दिसलं आहे.

सात महिन्यांनी काकांना दोन महिने मुलीकडे जायचं होतं. त्यांनी मुलाला तीन आठवडे आधी सांगितलं आणि त्याच्या कॅलेंडरवर परतीच्या तारखेला स्वतः गोल केला. काका गेले त्या शनिवारी मुलगा अर्धा उघडलेला रेडिओ घेऊन खाली आला नि आईला म्हणाला, “जरा टॉर्च धरतेस?”

“पाऊण तास धरला,” त्या मला सांगत होत्या. “एक शब्द बोलले नाही मी. तोच बोलत होता.”